काळी दोन

पेटीमास्तर कोणास ठाऊक नाहीत? गवयाचे नाव मुलूखभर गाजते, तबलजीची निदान बोटे तरी श्रोत्यांच्या स्मरणात राहतात. पेटीवाला मात्र ‘साथीला’ या तीन अक्षरांच्या आडोशाने, हस्तपत्रकाच्या अगदी तळाशी, छापखान्यात शिल्लक उरलेल्या बारीकात बारीक टंकात आपली हयात कंठीत असतो. अशा अनामिकांविषयी सहृदय लेखकाने कणव बाळगावी, हे मला मान्य आहे. तथापि ज्याच्या माजघराची भिंत आणि मास्तरांच्या खोलीची भिंत एकच आहे, त्याने ती किती बाळगावी याला काही मर्यादा असावी.

आमच्या सदाशिव पेठेतील वाड्यात मास्तर राहत असत. म्हणजे महिन्यातून जे चार दिवस ते धारवाड, हुबळी, बेळगाव, इंदूर किंवा बडोदे यांपैकी कोठेही नसत, ते दिवस त्यांचे बिऱ्हाड त्यांना आश्रय देई. या दिवसांत त्यांनी पेटीला हात लावल्याचे मला स्मरत नाही. पेटी खोक्यात, खोक्याला घोंगडी, घोंगडीला सुतळी, आणि ती सुतळी सोडविण्याचा अधिकार पुढल्या गावच्या चिटणिसाचा. हात रिकामे राहिल्याने सारा व्यासंग कानांत उतरे, आणि यच्चयावत् सृष्टीची पट्टी सांगण्याचे कार्य मास्तर व्रतस्थपणे आरंभीत. पहाटे दूधवाल्याने कडी वाजविली की भिंतीपलीकडून निवाडा येई, ‘पांढरी पाच.’ मी खुर्ची सरकविली की, ‘काळी तीन, पण फुटकी.’ शेजारच्या बिऱ्हाडात नवजात अर्भकाने पहिला टाहो फोडला, तेव्हा मुलगा की मुलगी हे सुईणीने सांगण्यापूर्वीच जिन्यावरून ‘पांढरी सहा!’ अशी घोषणा झाली. कोणा उपवर मुलीला पाहावयास मंडळी आली असता, पगार, गोत्र आणि वडिलोपार्जित घर यांची चौकशी निर्वेध पार पडल्यावर मास्तरांनी मुलीच्या वडिलांस बाजूला घेऊन, ‘मुलगा वाक्याच्या शेवटी अर्ध्या सुराने उतरतो, विचार करा,’ असा इशारा दिला. वडिलांनी विचार केला नाही. पुढे त्या जावयाने सासऱ्याची हातउसनी रक्कम बुडविली, तेव्हा मास्तर एवढेच म्हणाले की, उतरणार हे ऐकूच येत होते.

परंतु या विद्येचा परमोत्कर्ष झाला तो हंड्याच्या चोरीत. वाड्याच्या मालकांचा पितळी हंडा एका रात्री नाहीसा झाला आणि फौजदारसाहेब पंचनाम्यासाठी दाखल झाले. मालकांनी हंड्याचे वर्णन ‘मोठा’ या एका विशेषणात आटोपले. मास्तरांनी मात्र आपण होऊन पुढे येऊन जबानी दिली की, अडीचच्या सुमारास अंगणात हंडा आपटला तो काळी दोनमध्ये, आणि काठाला पोचा असल्यामुळे नाद किंचित उतरलेला होता. कारकुनाने ‘काळी दोन’ हे आरोपीचे टोपणनाव समजून रुजू करून घेतले. पुढे काही दिवसांनी हाती लागलेले सहा-सात हंडे ओळखीसाठी कचेरीत मांडण्यात आले. मालक प्रत्येक हंड्याकडे पाहून ‘हाच असावा’ म्हणत होते. मास्तरांनी डोळे मिटले, मधल्या बोटाच्या पेराने प्रत्येकाला एकेक टकोरा दिला आणि पाचव्यापाशी थांबून म्हणाले, ‘काळी दोन.’ हंडा उलटा केला, तो बुडाशी मालकांच्या आजीचे नाव कोरलेले! हंडे आधीच उलटे करून पाहण्याचे कोणाच्याही मनात का आले नाही, हा प्रश्न वाड्यात कोणी काढला नाही. मास्तरांचा उगाच मुखभंग झाला असता.

प्रवासात हा मनुष्य निराळा होतो, असे त्यांचे तबलजी सांगत, आणि माझा त्यावर विश्वास नव्हता. एकदा हुबळीस माझे काही काम निघाले म्हणून त्यांच्याच गाडीने गेलो. त्या काळी पुणे-मिरज लोहमार्ग मीटर रुंदीचा होता आणि तिसऱ्या वर्गातील औदार्यही त्याच मापाचे. तेवढ्यात, मास्तर ज्यांना साथ करीत त्या बुवांचे दोन तंबोरे आडवे झोपलेले, तबल्या-डग्ग्याच्या गवसण्या, आणि मास्तरांच्या मांडीवर पेटी. फळीवर ठेवली तर हादऱ्यांनी सूर हलतात. बाकाखाली ठेवली तर ओल लागते. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात, पितळी सुरांवर कळंक चढतो, भात्याचे कातडे झुरळांना विशेष प्रिय असते, हे सर्व त्यांनी मला कराड येईपर्यंत समजावून सांगितले. आतले सूर ‘जर्मन’ होते. पालिताण्यासही सूर बरे होतात, एवढी मेहेरबानी ते त्या गावावर करीत. पण जर्मन ते जर्मन. मिरजेच्या फलाटावर एका हमालाने हाळी दिली. मास्तर हळहळले, ‘काळी चार. वाया गेला.’

हुबळीच्या बैठकीत बुवांनी ख्याल आरंभला आणि मास्तर जणू अदृश्य झाले. बुवा श्वास घेत तेवढ्या अवकाशात पेटी बोले. तसूभरही अधिक नाही. मध्यरात्र उलटल्यावर बुवांचा थकलेला गळा एकदा तार षड्जाला पुरता पोहोचला नाही, तेव्हा पेटीने तो स्वर असा काही उचलून धरला की ‘वाहवा’ झाली ती बुवांची. परतीच्या गाडीत मी याविषयी छेडले असता मास्तर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, ‘ती जागा बुवांचीच होती.’ जगातील कड्याकोयंड्यांचे सूर चव्हाट्यावर मांडणारा हा गृहस्थ बुवांच्या उतरलेल्या सुराविषयी अवाक्षर काढीत नसे. तेव्हापासून भिंतीपलीकडचे निवाडे मला थोडे कमी टोचू लागले, हे नाइलाजाने नमूद करतो.

मास्तरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, या हिंडण्याबद्दल कुरकुरल्या की मास्तर अब्दुल करीम खाँसाहेबांची कथा लावीत. 1937 च्या ऑक्टोबरात मद्रासेहून पाँडिचेरीस जाताना प्रकृती बिघडून खाँसाहेब सिंगपेरुमलकोइलच्या लहानशा फलाटावर उतरले, तंबोरा जुळवून घेतला, दरबारीत ईश्वराला आळविले आणि तेथेच देह ठेवला. ‘याला मरण म्हणतात,’ असा मास्तरांचा समारोप. ‘आणि घरी कोणी कळवलं?’ असे वहिनी विचारीत. यावर मास्तरांजवळ उत्तर नसे.

वहिनींचे खरे दुःख मात्र वेगळे होते. त्यांनी नवऱ्याची पेटी ऐकलेलीच नव्हती. बैठका परगावी, आणि घरी सुतळी. नभोवाणीवर ऐकावे, तर 1940 च्या मार्चापासून सरकारने पेटीला तेथून हद्दपार केलेले. सप्तकाच्या बारा पट्ट्यांत कोंडलेल्या या विलायती वाद्याला आमच्या श्रुती आणि मींड साधत नाहीत, हा तिच्यावरील आरोप. रवींद्रनाथांसारख्यांचा कौलही तिच्या विरुद्ध. आरोप खोटा नव्हता, मास्तरही तो कबूल करीत. रात्री दोन वाजता बसलेल्या गळ्याला खांदा देण्याचा प्रसंग फर्मान काढणाऱ्यांवर आला नव्हता, एवढेच. ही बंदी 1971 पर्यंत टिकली. बुवा नभोवाणीवर गात तेव्हा साथीला सारंगी असे, आणि मास्तर आमच्या रेडिओपुढे मांडी घालून, जेथे जेथे आपण वाजविले असते तेथे तेथे गुडघ्यावर बोटे चालवीत. वहिनी दाराशी उभ्या राहून गाणे ऐकण्याऐवजी ती बोटे पाहत.

त्याच काळात एका वर्षी वाड्याच्या गणपतीपुढे गाणारे गवई घसा बसल्यामुळे आले नाहीत, आणि मास्तर दैवयोगाने घरी होते. मंडळींनी सुतळीचा अधिकार जबरदस्तीने आपल्याकडे घेतला. मास्तर एकटे, गवयावाचून, बराच वेळ वाजवीत राहिले. आरंभी अवघडून, चुकून कोणाच्या तरी मध्येच बोलल्यासारखे, आणि मग जे मोकळे झाले ते आरतीची वेळ टळून गेली तरी थांबेनात. वहिनी मोदकपात्र उतरवून पदर सावरीत मागे येऊन बसल्या होत्या. सर्वांची वाखाणणी संपल्यावर मास्तरांनी त्यांच्याकडे न पाहताच विचारले, ‘मग?’

‘छानच झालं,’ वहिनी अंमळ विचार करून म्हणाल्या, ‘पण भात्याची बिजागरी कुरकुरते. काळी चारमध्ये.’

टीकाकारांची पर्वा मास्तरांनी जन्मात केली नव्हती. त्या रात्री मात्र कंदील जवळ ओढून त्यांनी बिजागरीचे स्क्रू सोडले, आणि दुसरे तेल हाती लागेना म्हणून वहिनींच्या बाटलीतले माक्याचे तेल तीत सढळपणे सोडले. पुढली बैठक धारवाडास झाली. बिजागरी मुळीच कुरकुरली नाही. मात्र भाता हलला की माक्याचा वास उठे, आणि बुवांनी भर विलंबितात दोन वेळा मान वळवून तबलजीच्या केसांकडे संशयाने पाहिले, असे कळते.