नानांचं हेडिंग

मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या, कस्टम्समधून माल सोडवणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटाकडे नानांनी उभी हयात काढली. आता ते निवृत्त झालेत, असं घरचे म्हणतात. नानांना हे मान्य नाही. नोकरी सुटली, कस्टम्सचं टॅरिफ सुटलेलं नाही.

या जगात वस्तू नसतात, टॅरिफमधली चार आकडी हेडिंगं असतात, ही नानांची श्रद्धा. प्रत्येक हेडिंग पुढे आठ आकड्यांपर्यंत जातं : पहिले सहा साऱ्या जगाचे, शेवटचे दोन आपल्या सरकारचे. जगाच्या यादीत प्रकरणं ९७. त्यातलं ७७वं कोरं आहे, पुढेमागे उपयोग होईल म्हणून राखून ठेवलेलं. नानांचा जावई त्या प्रकरणात आहे.

त्यांची खरी हुकमत ऑफिसच्या किरकोळ सामानावर. यंत्रसामग्री काय, कोणीही सोडवतो म्हणे. माणसाची परीक्षा टाचणीत. स्टेपलर ८४७२ मध्ये, म्हणजे यंत्रांत. त्याच्या पिना मात्र ८३०५ मध्ये. एकमेकांवाचून न चालणारं जोडपं कागदोपत्री विभक्त! कागदाची क्लिप धातूची असेल तर ८३०५, प्लॅस्टिकची असेल तर ३९२६. रबराचं खोडरबर सुटं असेपर्यंत ४०१६, पेन्सिलीच्या डोक्यावर बसलं की तिच्याबरोबर ९६०९. नातवाने शाळेसाठी शार्पनर मागितलं, तेव्हा नाना चष्मा लावून म्हणाले, "हँडलचं की बिनहँडलचं?" खिशातलं साधं शार्पनर ८२१४, सुऱ्या-कात्र्यांच्या शेजारी, टेबलाला बसवून हँडल फिरवायचं असेल तर ८४७२. पोराने शेवटी ब्लेडने टोक काढलं.

एका वास्तुशांतीला यजमानांना पेन, डायरी आणि छोटं टेबलावरचं घड्याळ असा सेट भेट आला. नानांनी तो स्वतःकडे ओढला. टॅरिफच्या वर्गीकरणाचा नियम ३(ख) : या सेटचा जीव कशात? घड्याळात म्हणावं तर डायरी जाड, डायरीत म्हणावं तर पेन भारी. जेवणं खोळंबली. अखेर नानांनी ३(ग) काढला : ठरतच नसेल तर क्रमाने शेवटी येणारं हेडिंग. डायरी ४८२०, घड्याळ ९१०५, पेन ९६०८. "पेन!" नाना गरजले, आणि मगच पंगत बसली.

दुसरा नाद मूळ देशाचा. कोणाच्याही टेबलावरची वस्तू नाना आधी उलटी करतात. पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत नसेल, तर त्या घरचा चहा त्यांना गोड लागत नाही. डबीवर एक देश, आतल्या पंचिंग मशीनच्या पोटाखाली दुसराच, असं सापडलं की दिवस सार्थकी लागतो.

हे सगळं ते पुतणीच्या स्थळांनाही लावतात. बायोडेटा म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, आणि २०२० च्या सप्टेंबरपासून नुसत्या सर्टिफिकेटवर व्यापार करारातली ड्यूटीची सवलत मागता येत नाही. मूळ कुठलं याची माहिती आयातदारानेच बाळगायची असते. एका मुलाचं मूळ गाव कराड, वाढला पुण्यात, नोकरी बंगळुरात. नानांनी त्याच्या वडिलांना सरळ विचारलं, "किमान ३५ टक्के मूल्यवर्धन नक्की कुठे झालं?" (अट आसियान कराराची, कराडला लागू नाही.) स्थळ फिरकलं नाही.

एवढं मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं. आयातदाराला ड्यूटी कमी पडेल ते हेडिंग आवडतं, कस्टम्स खात्याला जास्त पडेल ते, आणि चुकून कमी भरली तर फरक आणि व्याज भरावंच लागतं, कधी दंडही. नाना दोघांशीही भांडले. मालकाने पुष्कळदा डोळे वटारले, खात्याच्या अप्रेझरने फाइल परत पाठवली, पण मशीनचा माल नानांनी कधी पिनांच्या नावावर सोडवला नाही. अशी माणसं घरात त्रासाची असतात, बंदरावर हवीच असतात.

तुमच्याकडे परदेशी स्टेपलर असेल, तर नाना यायच्या आत त्याच्या पोटाखालचा शिक्का वाचून ठेवा. बिल असेल तर तेही.