भास्कररावांचा लाल दिवा

३३ वर्षं मी दिव्यांकडे बघण्याचा पगार घेतला.

भुसावळजवळ दीपनगरला, २१० मेगावॉटच्या संचाच्या कंट्रोल रूममध्ये, माझ्या डोळ्यांसमोर भिंतभर खिडक्या होत्या. अर्ध्या पोस्टकार्डाएवढी एकेक खिडकी आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरात मजकूर: ‘ड्रम लेव्हल लो’, ‘फर्नेस प्रेशर हाय’, ‘ॲश हॉपर लेव्हल हाय’. काही बिनसलं की हूटर बोंबलायचा आणि ती खिडकी उघडझाप करायला लागायची. ‘ॲक्सेप्ट’ दाबलं की हूटर गप्प, दिवा स्थिर. म्हणजे कळलं बाबा, बघतो. बिघाड निस्तरला की ‘रीसेट’, दिवा बंद. पाळी सुरू होताना ‘लॅम्प टेस्ट’ दाबून सगळ्या खिडक्या एकदम पेटवायच्या. एखादी अंधारात राहिली तर तिचा बल्ब गेलेला. इतकी सरळ भाषा मी आयुष्यात दुसरी ऐकली नाही. घरी तर नाहीच.

निवृत्त होऊन नाशिकला आलो तेव्हा वाटलं, दिव्यांशी संबंध संपला. मग मुलगी नोकरीसाठी नेदरलँड्सला गेली, आणि जाताना एक बोका आणि एक यंत्र आमच्याकडे ठेवून गेली.

बोक्याचं कागदोपत्री नाव ऑस्कर. आमच्या हिनं दोन दिवस ते उच्चारून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याचं भास्कर झालं, आणि सोफ्यावरचा त्याचा एकूण पसारा बघता आठवड्याभरात भास्करराव. वजन पाच किलो दोनशे ग्रॅम. हे मला यंत्रामुळे माहीत आहे. माझं स्वतःचं वजन मी दोन वर्षांत बघितलेलं नाही.

यंत्र म्हणजे मांजराचा संडास, आपला आपण साफ होणारा. दिसायला ट्रान्झिट मिक्सरचं पिंप कापून ड्राय बाल्कनीत ठेवल्यासारखा. पिंपाच्या पोटात वाळू. बोका आत जातो, उरकतो, बाहेर येतो. खालचे वजनाचे सेन्सर ‘गेला’ अशी वर्दी देतात. मग यंत्र सात मिनिटं थांबतं, कारण वाळूचा गोळा घट्ट व्हायला वेळ द्यावा लागतो. नंतर पिंप सावकाश फिरतं. आतल्या जाळीतून सुटी वाळू चाळली जाते, गोळे भोकातून खालच्या ड्रॉवरमध्ये पडतात, आणि पिंप उलटं फिरून मूळ जागी येतं. पहिली फेरी बघितली आणि माझा ऊर भरून आला. हे तर आमचं ॲश हँडलिंग! आपला कोळसा शंभर टन जाळला तर तीस-चाळीस टन राख उचलावी लागते. औष्णिक केंद्र वीज बनवतं असं लोकांना वाटतं. आतल्या माणसाला विचाराल तर ते मुख्यतः राख बनवतं.

आणि राखेचा संबंध मी ओढूनताणून आणत नाही. पूर्वी अमेरिकेत घरातल्या मांजरांसाठी पेटीत वाळू नाहीतर राखच ठेवत. १९४७ साली मिशिगनमधल्या कॅसोपोलिस गावी एडवर्ड लो नावाच्या तरुणाकडे एक शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. तिची वाळू थंडीनं गोठून गेली होती. त्यानं तिला सांडलेलं तेल टिपायला कारखान्यांना विकतो ती माती दिली, फुलर्स अर्थ. ती मांजराला अशी काही मानवली की लो पिशव्यांवर ‘किटी लिटर’ असं लिहून ती विकायला लागला. फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती. हे मी हिला मोठ्या उत्साहानं सांगितलं तेव्हा ती नेमकी तीच तोंडाला लावून बसली होती. पुढचा अर्धा तास माझ्याशी एक शब्द बोलली नाही. लेप वाळेपर्यंत बोलता येत नाही, हे त्यातलं एकच कारण.

हल्ली मिळते ती वाळू बहुतेक बेंटोनाइटची. ओल लागली की फुगते आणि गोळा धरते. कच्छमध्ये भरपूर निघते. वरच्या मजल्यावरचे कॉन्ट्रॅक्टर एकदा पोतं बघून म्हणाले, “काका, ही आम्ही पायलिंगच्या खड्ड्यात कालवून ओततो, कडा ढासळू नयेत म्हणून. तुमच्याकडे काय काम निघालंय?” मी भास्कररावांकडे बोट दाखवलं.

आता दिवे. यंत्राला तीनच आहेत: निळा, पिवळा, लाल. मजकूर नाही, हूटर नाही, ॲक्सेप्ट नाही. निळा स्थिर, सगळं ठीक. निळा लुकलुकता, ड्रॉवर भरला. पिवळा स्थिर, पिंप फिरतंय. पिवळा लुकलुकता, फिरता फिरता घरचा रस्ता सापडेना. लाल स्थिर, आत कोणीतरी आहे. लाल लुकलुकता, आत कोणीतरी आहे आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. तिन्ही एकदम, झाकण नीट बसलेलं नाही किंवा यंत्राला जगण्यात राम वाटेनासा झालाय. पुस्तिका अकरा भाषांत होती. त्यात आपली नव्हती. मुलगीच रोज फोनवरून भाषांतर करायची.

“बाबा, कोणता लाइट आहे?”

“लाइट गेलेत.”

“तिन्ही?”

“अख्ख्या कॉलनीचे.”

निळ्याचा उलगडा मी दोन दिवसांत केला. ड्रॉवर रिकामा असूनही निळा लुकलुकायचा. आत दोन बाजूंना अवरक्त किरणांचे दोन डोळे आहेत; मधला रस्ता अडला की यंत्र समजतं, माल भरला. बेंटोनाइटची धूळ बसून त्या डोळ्यांवर सारा आला होता. कापसाच्या काडीनं पुसले, दिवा स्थिर झाला. दीपनगरलाही हॉपरमध्ये राखेचा थर बसला की रिकामं हॉपर भरलेलं दिसायचं. माझी छाती दोन इंच फुगली. हिनं विचारलं, “दिवसाला किती वेळ जातो तुमचा यात?” मी म्हटलं, तासभर. “पूर्वी फावड्यानं उचलायला किती जायचा?” पूर्वी दोन मिनिटं जायची. पण त्यात शिकायला काही नव्हतं.

पिवळ्यानं मात्र आठवडा खाल्ला. पिंपाला एक चुंबक आहे. तो सेन्सरसमोर आला की यंत्राला कळतं, घर आलं. रोज सकाळी दहाच्या सुमारास हे घर हरवायचं. मी चुंबक तपासला, दात्यांची चक्रं पुसली, प्लग काढून घातला, वेळांचा तक्ता केला. दहाच का? व्होल्टेज? शेवटी दहा वाजता स्टूल टाकून जागेवर बसलो. दहा वाजून पाच मिनिटांनी लताबाई पोछा घेऊन आल्या, गुडघ्यानं यंत्र भिंतीला रेटलं, खालची फरशी पुसली आणि निघून गेल्या. पिंपाची पाठ भिंतीला घासत होती.

“अहो लताबाई, हे हलवायचं नाही.”

“मग खालचं कोन पुसणार काका, तुमी?”

तेव्हापासून तिथलं मी पुसतो.

लालचं प्रकरण त्याहून खोल. आत कोणी नाही, दिवा लाल. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले. आमच्या भास्कररावांचा शाबूत होता. पाणसळ आणून जमिनीवर ठेवली तर बुडबुडा सरळ नहाणी ट्रॅपच्या उलट दिशेला पळाला. ड्राय बाल्कनीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, हे घर घेताना मीच बिल्डरशी भांडून करून घेतलं होतं. उतारामुळे यंत्राच्या एका पायावर भार जास्त, दुसऱ्यावर कमी, आणि त्या भ्रमात त्याला सतत कोणीतरी बसल्यासारखं वाटत होतं. फरशीचे दोन तुकडे पायांखाली सारले, बुडबुडा मध्यावर आणला. उरलं एकच काम, शून्य करायचं. यंत्र रिकामं असताना रीसेट दाबलं की तेवढं वजन ते शून्य धरतं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, बाल्कनीतला बल्ब गेलेला होता. मी रीसेट दाबलं.

इथं सांगायला हवं की भास्कर काळाकुट्ट आहे.

तो आतून बाहेर आला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सोफ्यावर गेला. यंत्राला वाटलं, आपल्यातले पाच किलो दोनशे ग्रॅम कुठंतरी नाहीसे झाले. तिन्ही दिवे एकदम लुकलुकायला लागले. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आता तो परत आत गेला तर यंत्र म्हणेल, आत कोणी नाही, फिरायला हरकत नाही. चिमटा बसला तर थांबायची सोय त्यात आहे, पण ती सोय भास्करवर तपासून बघायची माझी तयारी नव्हती. मी प्लग उपटला. खटपट ऐकून ही उठून आली.

“यंत्राच्या हिशेबी आता भास्कर म्हणजे शून्य,” मी म्हटलं.

“तुमच्या हिशेबी पहिल्या दिवसापासून आहे,” असं म्हणून ती झोपायला गेली.

ट्रेनिंगच्या काळात आमच्या मनावर एक गोष्ट ठसवली होती. २८ मार्च १९७९, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. एक झडप उघडी अडकली होती आणि पॅनेलवरचा तिचा दिवा मात्र विझला होता. ऑपरेटर समजले, बंद झाली. खरं तर तो दिवा झडपेबद्दल बोलतच नव्हता. तो एवढंच सांगत होता, की बंद व्हायचा हुकूम गेला. शंभरावर अलार्म बोंबलत होते आणि दोन तासांहून जास्त वेळ ती झडप उघडीच राहिली. म्हणून आमच्याकडे नियम होता: दिव्यावर जाऊ नकोस, जागेवर जा. या नियमावर मी नोकरी काढली आणि त्याच नियमानं धुळीचा, लताबाईंचा आणि उताराचा छडा लावला. पुढचे तीन महिने निळा दिवा देवघरातल्या समईसारखा स्थिर. मी लॉगशीट ठेवायला लागलो होतो. वेळ, दिवा, ड्रॉवर, शेरा. सही.

मग गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी सकाळी लाल. ६.१०. मग ६.२५. मग ६.५०, ७.०५. मी हत्यारं घेऊन जागेवर गेलो. पाणसळ लावली, बुडबुडा मध्यावर. भिंतीपासून अंतर बरोबर. डोळे स्वच्छ. शून्य तपासलं, ठीक. ड्रॉवर ओढून बघितला, त्यात एकही गोळा नव्हता. मी लॉगशीटवर लिहिलं: ‘ड्रॉवर रिकामा. समाधानकारक.’

“अहो, यंत्राला काय बघताय?” ही मागून म्हणाली. “बोक्याला बघा. तासाभरात पाचव्यांदा आत चाललाय आणि नुसता कुंथतोय.”

दिवा खरा होता. आत कोणीतरी होतं, दर वेळी होतं, आणि येऊन रिकामंच परत जात होतं. मी जागेवर गेलो होतो, फक्त चुकीच्या.

रिक्षात हिच्या मांडीवरच्या पिशवीतून भास्कर जो ओरडत होता, तो मी दीपनगरच्या हूटरशीही ताडून बघणार नाही. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. मूत्राशय मोसंबीसारखं टणक झालं होतं. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी पूर्ण तुंबते, आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. भूल देऊन नळी घातली, लघवी मोकळी झाली. तीन दिवस तो तिथंच.

“सकाळपासून किती वेळा गेला होता?” डॉक्टरांनी विचारलं. मी लॉगशीट पुढे केलं. मिनिटागणिक नोंद बघून ते खूश झाले, म्हणाले, असा रेकॉर्ड माणसांच्या पेशंटचासुद्धा मिळत नाही. मग त्यांचं बोट शेरा या रकान्यापाशी आलं. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. हिनं खिडकीबाहेर.

भास्करराव आता ओलं अन्न खातात आणि पाणी पितात, तेही घरभर ठेवलेल्या चार वाट्यांतून. लॉगशीटला एक रकाना वाढला आहे: गोळे. तो ही भरते. माझ्याकडे निळा आणि पिवळा राहिला; लाल दिव्याची पाळी माझ्याकडून काढून घेतली आहे.

तुमच्याकडे बोका असेल, यंत्र असो वा साधं घमेलं, आणि तो घडी घडी आत जाऊन बसतोय पण वाळू कोरडीच राहतेय असं दिसलं, तर पाणसळ शोधत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यंत्राचं उद्या बघता येईल.