उजेड कुणी पाडायचा?

दुकानदाराने बॅटरी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "काका, दोन किलोमीटर पल्ला हाय हिचा." आमचं गाव औरादकडचं. तिथून दोन किलोमीटर म्हणजे महाराष्ट्र. म्हणजे साडेतीनशे रुपयांत कर्नाटकात उभं राहून महाराष्ट्रात उजेड पाडायची सोय. 1956 पासून दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना जे जमलं नाही, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात जे अडकून पडलंय, ते एका बटणावर होणार होतं. घेतली.

तिसऱ्या रात्री तिचा उजेड निरांजनाएवढा झाला. महाराष्ट्र राहू द्या, गोठ्यातली म्हैस दिसेना.

बॅटरी म्हणजे टॉर्च, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. शब्दकोशात तिला विजेरी म्हणतात, पण भालकीच्या बाजारात विजेरी मागितलीत तर माणूस तुमच्याकडे बघत राहील. इकडे मराठी असो, कन्नड असो की दखनी, ती बॅटरीच, आणि तिच्या पोटात घालतात तो सेल. बिदर-कलबुर्गीत तिन्ही भाषांचं विनातक्रार एकमत झालेली दुसरी वस्तू मला तरी आठवत नाही. सीमाप्रश्नाच्या समितीवर तिला घ्यायला हरकत नव्हती.

पडलेला उजेड पदरात घेऊन मी जरा चौकशीला लागलो. खोक्यावर पल्ला लिहायची एक रीत ठरलेली आहे. ज्या अंतरावर बॅटरीचा उजेड पाव लक्स उरतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका होतो, ते अंतर म्हणजे पल्ला. हे कळल्यावर मी खोकं पुन्हा वाचलं. दोन किलोमीटरवर चांदणं पाडायला दहा लाख कँडेला लागतात. खिशात मावणाऱ्या साडेतीनशेच्या बॅटरीला ते झेपणारं नाही. आणि झेपलं, तरी मिळणार काय? चांदणं. ते महिन्यातून एकदा आम्हाला फुकट मिळतं.

सेलची गंमत याहून मोठी. आतल्या जाड सेलवर 9900 एमएएच असं ठसठशीत छापलेलं. हा सेल 18650 नावाचा, 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. जगातल्या नामांकित कारखान्यांनाही त्यात साडेतीन हजारांच्या आसपासच माल भरता येतो. 9900 लिहिणाऱ्याने छपाईवर जो खर्च केला, तेवढाच आतल्या मालावर केला असावा. निवडणुकीचा जाहीरनामाही याच छापखान्यात जात असेल, अशी मला शंका आहे.

शिवाय पाच मोड. एकदा दाबलं की लख्ख, दुसऱ्यांदा मध्यम, तिसऱ्यांदा मंद, चौथ्यांदा वरातीतल्या डीजेसारखी लुकलुक, पाचव्यांदा काहीतरी संकटाची खूण. बंद करायची तर ही पंचक्रोशी पुरी केल्याशिवाय सुटका नाही. रात्री दोन वाजता चप्पल शोधायला उठलो आणि अंगणात डिस्को सुरू झाला. कुत्री भुंकली, शेजारची म्हातारी उठून बसली आणि चप्पल सापडली ती सकाळी.

आता कुणी म्हणेल, बॅटरीवर एवढं चऱ्हाट कशाला? कारण इकडे ती हौसेची वस्तू नाही. पंपाचा थ्री फेज करंट दिवसाला सात तास, तोही पाळीने, आणि पाळी बऱ्याचदा रात्रीची. मोटारीला वेळ कळते, माणसाची झोप कळत नाही. शेतकरी उठतो, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि उसात शिरतो. तिथे घोणस पालापाचोळ्याच्या रंगाची होऊन पडलेली असते. मण्यार त्याहून वाईट. ती घरात येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि खूण सुद्धा धड ठेवत नाही. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं जातात, असा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली. कर्नाटक सरकारने 2024 मध्ये सर्पदंशाची नोंद शासनाला कळवणं सक्तीचं केलं. चांगलं केलं. म्हणजे आता चावल्यावर नोंद तरी नक्की होणार.

सापाला दोन किलोमीटरच्या पल्ल्याशी घेणं नाही. तो असतो पुढच्या पावलाखाली. तिथे लागतो पसरट, मवाळ उजेड, शंभर लुमेनचा, आणि तो रात्रभर टिकायला हवा. लांबवर भाला फेकणारी बॅटरी पायाशी अंधारच ठेवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"मोबाइलला आहे की टॉर्च," असं आमचा पुतण्या म्हणतो. आहे. पण पावसात मोबाइल बाहेर काढायचा, काठी बगलेत धरायची, स्टार्टरचं बटण कोपराने दाबायचं, आणि चार्जिंग संपलं की उजेडही गेला आणि मदतीला फोन करायची सोयही गेली. एकाच टोपलीत सगळी अंडी घालायची तर ती टोपली विहिरीच्या काठावर तरी ठेवू नये.

दुसरा अंधार बायकांचा. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. मुली शिकायला, बायका कामाला जायला लागल्या, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण शेवटची बस फाट्यावर सोडते. फाट्यापासून गावापर्यंतच्या वाटेला योजना नाही. खांब आहेत, त्यावर दिवे नाहीत. 2014 मध्ये गुलबर्गाचं कलबुर्गी झालं, 2019 मध्ये हैदराबाद-कर्नाटकचं कल्याण-कर्नाटक झालं. नावात कल्याण आलं, खांबाकडे यायला त्याला अजून फाट्यावर बस मिळालेली नाही.

म्हणून मग "सेल्फ डिफेन्स" छापलेल्या बॅटऱ्या खपतात. पुढे दातेरी कडं, लुकलुक, कधी बारीकसा झटका देणारी तार. मुलींनो, भुलू नका. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांत तीन-चारशे लुमेनचा झोत अचानक मारला की समोरचा काही क्षण दिपतो, एवढंच खरं. ते क्षण पळायला आणि 112 लावायला. मारामारी करायला नाहीत. त्यासाठी बटण शेपटीला हवं, अंगठ्याखाली, आणि पहिल्या दाबात पूर्ण उजेड हवा. पाच मोडमधून वाट काढेपर्यंत चोर थांबत नाही.

आता घ्यायची तर कुठली? माझं मत विचाराल तर एका पेन्सिल सेलवर चालणारी, बोटाएवढी, पत्र्याची नव्हे तर अॅल्युमिनियमची, खिशाला अडकवायला पट्टी असलेली. पेन्सिल सेल कमलनगरच्या किराणा दुकानातही मिळतो. रोज रात्री शेतात जाणाऱ्याने टाइप-सी चार्जिंगची घ्यावी, पण 18650 सेलवर साडेतीन हजारांच्या फार वरचा आकडा दिसला तर नमस्कार करून निघावं. उजेड निळसर पांढरा नको, जरा पिवळसर असावा. मातीवरची घोणस मला त्यात लवकर दिसते. आणि ती पाण्याला टिकली पाहिजे. खोक्यावर आयपीएक्स7 असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालते. बिदरच्या झरणी नरसिंहाला भुयारातल्या पाण्यातून दर्शनाला जाताना खिशात राहिली तरी देवाचा कोप नको. आयपीएक्स4 म्हणजे फक्त शिंतोडे. कलबुर्गीच्या मे महिन्यात गाडीच्या काचेखाली मात्र कुठलीच ठेवू नका, लिथियमचा सेल त्या उन्हात काय करेल ते सांगवत नाही.

घेताना दुकानातच पंखा-दिवे बंद करायला सांगा, मोरीच्या कोपऱ्यात उजेड मारून बघा, आणि बंद करायला किती वेळा दाबावं लागतं ते मोजा. एकाहून जास्त असेल तर परत द्या.

बाकी वीज कंपनीला एकच विनंती. थ्री फेज दिवसा द्या. बॅटरी आम्ही आमच्या पैशाने घेतो.