शंकेखोर प्रोफेसर

भौतिकशास्त्राच्या परिषदेत शंकेखोर प्रोफेसर मागून दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसतात. कडेला अशासाठी, की माईककडे धावताना कुणाचे गुडघे आड येऊ नयेत. टाळ्या थांबायच्या आत हे उभे. सुरुवात ठरलेली : “प्रश्न नाही, छोटीशी टिप्पणी आहे.” टिप्पणी संपेपर्यंत बाहेरचा चहा निवतो.

2000 साली त्यांचं भाग्य उजळलं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे जॉन पेंड्री म्हणाले, अपवर्तनांक उणे एक असलेली साधी सपाट पट्टीही परिपूर्ण भिंग होईल. वस्तूपासून जरा दूर जाताच विरून जाणाऱ्या, बारीक तपशील वाहणाऱ्या लहरीसुद्धा ती वाढवून पलीकडे पोचवील. उणे अपवर्तनांकाची कल्पना रशियाच्या व्हिक्टर व्हेसेलागोंनी 1967 मध्येच मांडली होती. पण तेव्हा असला पदार्थच कुणापाशी नव्हता, म्हणून प्रोफेसर गप्प होते. आता ‘परिपूर्ण’ ऐकलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

2001 मध्ये सॅन डिएगोच्या मंडळींनी तांब्याच्या कड्या-तारांचा लोलक करून मायक्रोवेव्ह उलट्या बाजूला वळवून, म्हणजे ऋण अपवर्तन करून दाखवले. प्रोफेसरांनी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर तो लोलक काढला, जाड बाजू पेनानं गिरवून काळी केली. “इथं लहर शोषली गेली. पातळ बाजूनं उरलीसुरली निसटली. तिला तुम्ही वळली म्हणता?” शंका फालतू नव्हती, हं. 2002 मध्ये टेक्सास आणि माद्रिदहून रीतसर आक्षेप छापून आले, तेव्हा त्यांचे प्रिंटआउट खिशात घालून प्रोफेसर मुलीच्या लग्नाची पत्रिका वाटावी तसे वाटत हिंडले.

2003 मध्ये एमआयटी आणि बोइंगच्या मोजमापांनी वळण खरं ठरवलं. प्रोफेसर ढिम्म. “वळली असेल. भिंग कुठाय?”

2005 मध्ये बर्कलीत चांदीच्या पातळ थरातून, 365 नॅनोमीटरच्या प्रकाशात, 60 नॅनोमीटर रुंदीच्या रेघा उमटल्या. “पण चांदी प्रकाश खाते ना? मग परिपूर्ण कसलं?” गंमत म्हणजे इथं त्यांचं अगदी बरोबर होतं, प्रकाश थोडा जरी शोषला गेला तरी परिपूर्णतेचे बारा वाजतात. पण तोवर सगळे चहाला गेले होते.

2009 मध्ये सेंट अँड्रूजच्या उल्फ लिओनहार्ट यांनी मांडलं, की ऋण अपवर्तनाशिवायही परिपूर्ण प्रतिमा मिळू शकते. प्रोफेसर माईककडे धावले.

“अशक्य! त्याला ऋण अपवर्तनच लागतं. आधी पेंड्री वाचून या!”