साडूंच्या कॅमेऱ्यापुढे उजेड कसा धरावा

पोर्ट्रेटला तीन गोष्टी लागतात: चेहरा, उजेड आणि उजेड धरणारा माणूस. पहिल्या दोहोंवर पुस्तकं आहेत. तिसरा मी. सासूबाईंच्या पंचाहत्तरीच्या पत्रिकेवर फोटो हवा म्हणून आमचे साडू डिसेंबरात सगळ्यांना आरे कॉलनीत घेऊन गेले. पुढील नियम त्या दिवशीचे.

नियम पहिला. सकाळी सातला पोचावे. साडूंच्या गाडीने निघाल्यास साडेअकरा धरावेत. तोवर ऊन वर चढते, डोळ्यांच्या खोबण्या होतात आणि नाकाची सावली ओठांवर मिशीसारखी पडते. सासूबाईंना मिशी शोभत नाही, हे साडूंना सांगावं लागलं.

नियम दुसरा. ‘छोटा काश्मीर’ बागेत झाडाखाली बसवू नये. पानांतून कवडसे पडतात आणि चेहऱ्यावर ठिपके उठतात. आरेत खरे बिबटे आहेत, आणखी एक नको. शिवाय हिरवळीचा उजेड खालून हनुवटीवर येतो, माणूस अजीर्ण झाल्यासारखा दिसतो.

नियम तिसरा. सावली भरून काढायला थर्माकोल धरावा. कोणता, ते नीट पाहावे. साडूंनी आणलेला तुकडा जुन्या गणपतीच्या मखराचा होता. 2018 च्या थर्माकोलबंदीपासून माळ्यावर पडलेला, एका बाजूला सोनेरी कागद तसाच. सोनेरी बाजू फिरवली की सासूबाईंना कावीळ, पांढरी फिरवली की साडू ओरडत, “जवळ! अजून जवळ!” यात मात्र तथ्य आहे. अंतर निम्मे केले की उजेड बराच वाढतो, म्हणून थर्माकोल फ्रेमच्या अगदी कडेला, छातीच्या उंचीवर, किंचित तिरका धरावा. डोळ्यांत पांढरा ठिपका दिसला की हलू नये. मी हललो नाही. वारा हलला.

नियम चौथा. साडूंना अपर्चर विचारू नये.

सबंध वेळ साडू एकच वाक्य घोळवत होते: फाळक्यांनी 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला उन्हावर काढला, मग आपल्याला दिवे कशाला? कबूल. पण फाळक्यांचे साडू थर्माकोल धरून उभे नव्हते.

शेवटी सासूबाईच कंटाळल्या. “मला चहा हवाय,” म्हणाल्या आणि उठून रस्त्यापलीकडच्या तबेल्याकडे निघाल्या. मुंबईतले गोठे शहराबाहेर हलवण्यासाठी 1949 साली ही वसाहत उभी राहिली, तेव्हा म्हशीच इथल्या खऱ्या रहिवासी. सासूबाई दारात, छपराच्या सावलीच्या जेमतेम आत थांबल्या. मागे काळोख, समोर उघडं आभाळ. ऊन कुठेच नाही, फक्त मोठा, मऊ उजेड. सुरकुत्या सगळ्या होत्या, पण एकही खुपत नव्हती. तबेलेवाल्याने आदल्या दिवशी व्यायलेल्या म्हशीचं पारडू दाखवलं तशा त्या हसल्या. साडू लेन्स बदलत होते. मी थर्माकोल काखेत मारून मोबाइलवर एक फोटो काढला.

पत्रिकेवर तोच छापला. खाली ‘छायाचित्र’ म्हणून साडूंचं नाव आहे. थर्माकोल अजून आमच्या गॅलरीत पडलाय. त्यांनी येऊन घेऊन जावा.