सात-सात-सातचे औदार्य

बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी जिचा पाया घातला, त्या युनिक्स प्रणालीने पुढे अवघ्या मानवजातीची मालक, गट आणि उरलेसुरले अशी त्रैवर्णिक विभागणी केली. वाचनाला ४, लेखनाला २ आणि कार्यान्वयनाला, म्हणजे फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवण्याला, १ असे गुण देऊन त्यांच्या बेरजेत प्रत्येकाची पात्रता बसवली गेली. त्यामुळे ६४० म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, गटाने केवळ वाचावे आणि इतरांनी आपली वाट धरावी. एवढा सुबक हिशेब हाताशी असताना ‘परवानगी नाकारली’ हा संदेश दिसताच ‘चमॉड’ ही परवानग्या बदलणारी आज्ञा ७७७ या आकड्यासह सोडून मोकळे होण्याची जी प्रथा रूढ आहे, तिला औदार्य म्हणावे की आळस, हे ठरवणे फारसे कठीण नाही.

फाइल पुसण्याचा अधिकार तिच्या स्वतःच्या नव्हे, तर तिला धारण करणाऱ्या डिरेक्टरीच्या परवानग्यांवर ठरतो. म्हणून ४४४ देऊन, म्हणजे केवळ वाचनापुरती ठेवून, जिवापाड जपलेली फाइलही ७७७ डिरेक्टरीतून कोणीही उडवू शकतो. (सामायिक तात्पुरत्या डिरेक्टरीला म्हणूनच १७७७ देतात; त्यातला आरंभीचा १, म्हणजे ‘स्टिकी बिट’, परक्याची फाइल पुसू देत नाही.) याउलट ०७७ असलेल्या फाइलीचा मालक स्वतःच्याच दारात अडतो, कारण मालकाची ओळख पटताच कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, पुढचे रकाने पाहतच नाही. या वाचन-लेखनाच्या नियमांपलीकडे बसलेल्या ‘रूट’ या महावापरकर्त्याला मात्र कोणी अडवत नाही, आणि ७७७ची आज्ञाही पुष्कळदा त्याच्याच नावाने सुटते.