‘घाशीराम’ पुन्हा उभे करण्याची घरगुती पद्धत

विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक पुन्हा रंगभूमीवर यावे असे वाटणाऱ्या रसिकांची मराठीत वाण नाही, आणि त्यांतील बहुतेकांनी ते मनातल्या मनात अनेकदा आणलेलेही असते. मात्र हे कार्य शास्त्रोक्त रीतीने कसे पार पाडावे याविषयी नाट्यशिक्षणाच्या ग्रंथांत एक अवाक्षरही आढळत नसल्याने, ती उणीव येथे भरून काढली आहे. या कार्यास ‘मानसप्रयोग’ अशी संज्ञा योजली आहे. मानसपूजेत जसा नैवेद्याचा खर्च येत नाही, तसा मानसप्रयोगास निर्माता, नाट्यगृह वा तारखा यांपैकी काहीच लागत नाही, आणि त्याची तालीम साधारणतः दुसऱ्याच एखाद्या नाटकाच्या मध्यंतरात, हातात बटाटावडा असताना, उरकता येते.

पात्रनिवडीचा आरंभ नाना फडणवीसांपासून करावा, कारण सर्वजण तेथूनच करतात, आणि पुष्कळजण तेथेच थांबतात. उमेदवाराच्या नावात मुळातच ‘नाना’ असणे हा निकष मोहक असला तरी पुरेसा नाही. भारदस्त आवाज, सुटलेले पोट आणि मालिकेमुळे घराघरांत पोचलेला चेहरा एवढे जमले, की वयाकडे वळावे. इतिहासातील नानांचा जन्म १७४२चा आणि घाशीरामाचा अंत १७९१मधला, त्यामुळे चोखंदळ रसिक पन्नाशीच्या आसपासच्या नटांखेरीज इतर सर्वांची नावे निःशंकपणे खोडतो. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिल्या प्रयोगात नाना म्हणून उभे राहिलेले मोहन आगाशे त्या वेळी २५ वर्षांचे होते, दिग्दर्शक जब्बार पटेल तिशीतले होते, दोघांचाही खरा पेशा वैद्यकाचा, आणि तिकीटबारीवर चालणारा चेहरा त्या संचात एकही नव्हता, या तपशिलाकडे मात्र सौजन्याने काणाडोळा करावा. वरील निकष लावले असते तर तो संच पहिल्याच फेरीत बाद झाला असता; म्हणून मूळ संचाचे तोंडभरून कौतुक करावे, पण त्याचा अभ्यास करू नये, हा या शास्त्रातील पहिला नियम होय.

नानाची परीक्षा कोणत्या प्रवेशावर घ्यावी, हा प्रश्न मतभेदाचा आहे. बावनखणीत, म्हणजे पुण्यातील कलावंतिणींच्या वस्तीत, नाना गुलाबीबरोबर नाचता नाचता पाय मुरगळून घेतात, आणि त्या दुखऱ्या पायाला टेकण्यासाठी घाशीराम आपली पाठ पुढे करतो. या एका क्षणात अख्ख्या नाटकाचा सौदा दिसतो: वरच्याला आधार मिळतो, खालच्याला कंठा मिळतो, आणि तो कंठा हिसकावून घेऊन गुलाबी त्याला हाकलून देते. येथे जो नट पोरकटपणे लंगडतो, त्यानेच पुढे गणपतीच्या मूर्तीसमोर एका कोवळ्या मुलीच्या खांद्यावर हात टाकायचा असतो, आणि तोपर्यंत हसणाऱ्या प्रेक्षागृहाला आपण हसलो याची लाज वाटायला हवी. हे अवघड असल्याने रसिकाने ही चाचणी डोळे मिटून घ्यावी. मिटल्या डोळ्यांपुढे आजवर एकही नट नापास झालेला नाही.

घाशीराम सावळदास हा कनोजहून आलेला, चोरीच्या खोट्या आळाने पुण्यात अपमानित झालेला आणि सूडापोटी कोतवाली मिळवण्यासाठी पोटची मुलगी नानांच्या हवाली करणारा ब्राह्मण. या भूमिकेसाठी देखणा व सहानुभूती खेचणारा नायक सुचवण्याची प्रथा आहे, कारण शेवटी जमाव दगड घेऊन त्याच्या अंगावर येतो तेव्हा प्रेक्षकांना कोणाची तरी बाजू घेता यावी असे सर्वांना वाटते. नाटककाराला तसे वाटले नव्हते. मुलगी गौरी हिच्यासाठी ‘कोणीतरी नवीन चेहरा’ एवढी नोंद पुरते. तिला फार बोलू द्यायचे नाही, याबाबत नाटकाचे व रसिकांचे एकमत आहे.

आता भिंतीचा विचार करावा, जो मानसप्रयोगात कोणीही करीत नाही. ‘मानवी भिंत’ म्हणजे रंगमंचावर एका ओळीत उभी राहणारी, डुलणारी, गाणारी बारा ब्राह्मणांची रांग. ती पडदा होते, जमाव होते, कीर्तनाचे श्रोते होते, आणि जे दिसू नये त्याच्यापुढे पाठ करून उभी राहते. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना यांचा सारा भार या रांगेवर होता. कीर्तन, अभंग व लावणी एकाच श्वासात घेणारे, झांजेच्या ठेक्यावर एकाच वेळी वळणारे आणि वळताना शेजाऱ्यापेक्षा अधिक न चमकणारे बारा गळे हा या नाटकाचा खरा नायक असून, त्याची निवड करायची तर चेहऱ्यांची यादी मुळात टाकूनच द्यावी लागते. शिवाय असे बारा जण महिनोन्महिने एकत्र तालीम करायला मोकळे असावे लागतात. मालिकांच्या चित्रीकरणातून दोघांच्या तारखा जुळवताना निर्मात्याच्या नाकी नऊ येतात, तेथे बारांचा हिशेब न केलेलाच बरा. ध्वनिमुद्रित संगीतावर काम भागवावे, असा व्यवहारी तोडगा काही रसिक सुचवतात. ध्वनिमुद्रणाला पाठ फिरवता येत नाही, एवढीच त्यात अडचण आहे.

पुनरुज्जीवनास मुहूर्त कोणता, याची चिंता करू नये. हे नाटक प्रथम सादर करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १९ प्रयोगांनंतर ते थांबवले, कलावंतांनी बाहेर पडून १९७३मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि १९७४च्या जानेवारीत तेच नाटक पुन्हा उभे केले. म्हणजे त्याचे पहिले पुनरुज्जीवन ते जेमतेम वर्षाचे असतानाच करावे लागले. त्यासाठी रसिकांनी नव्हे, तर त्यात काम करणाऱ्यांनी एक संस्था सोडून दुसरी काढली, हा फरक किरकोळ मानावा.

शेवटी निवेदन लिहावे. निवेदन म्हणजे हे नाटक ऐतिहासिक नसून कोणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही, असे सांगणारा मजकूर. तेंडुलकरांनी नाटक अनैतिहासिक असल्याचे स्वतःच स्पष्ट केले होते, तरीही नानांच्या चित्रणावरून वादळ उठले आणि १९८०च्या युरोप दौऱ्यालाही विरोध झाला. म्हणून हा मजकूर पात्रनिवडीच्या आधीच तयार ठेवावा, तो वकिलाकडून तपासून घ्यावा, आणि तो वाचण्यासाठी मात्र खरोखरच भारदस्त आवाजाचा, पन्नाशीचा, घराघरांत पोचलेला नट घ्यावा.